ओव्हनमधली नळी आणि कॅन्सरवरचं मशीन

"डॉक्टर, म्हणजे मला ओव्हनमध्येच ठेवणार का?"

काही महिन्यांपूर्वी एका ताईंनी मला हा प्रश्न विचारला. वय अठ्ठावन्न. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमोथेरपी संपलेली. आता रेडिएशन सुरू व्हायचं होतं. आपल्याकडे पेशंट त्याला 'लाईट घेणं' म्हणतात, कुणी 'शेक' म्हणतात. तीन आठवड्यांत पंधरा वेळा जायचं होतं.

त्यांचा मुलगा इंजिनियर आहे. त्याने इंटरनेटवर वाचलं की या मशीनमध्ये मायक्रोवेव्ह लहरी वापरतात आणि त्या तयार करणारी 'मॅग्नेट्रॉन' नावाची नळी घरच्या ओव्हनमध्येही असते. त्याने हे आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आईच्या मोबाईलवर मात्र त्याच आठवड्यात 'मायक्रोवेव्हमुळे कॅन्सर होतो' असा मेसेज येऊन गेला होता. दोन्ही गोष्टी मनात जोडल्या गेल्या आणि ताईंनी रेडिएशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. वर आणखी एक काळजी होती: "घरी चार महिन्यांचा नातू आहे. लाईट घेऊन आल्यावर त्याला मांडीवर घ्यायचं की नाही?"

गंमत अशी की मुलाने सांगितलेलं खरं होतं. फक्त ते अर्धंच होतं. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण ही उरलेली अर्धी गोष्ट मी त्यांना सांगितली आणि ती इतरांनाही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

व्हॉल्व्हचा रेडिओ आठवतो?

माझ्या वयाच्या वाचकांना तो आठवत असेल. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या तापून लालसर व्हायच्या, मग आकाशवाणी बोलायला लागायची. त्या नळ्यांना आपण 'व्हॉल्व्ह' म्हणायचो. हृदयातल्या झडपेलाही व्हॉल्व्हच म्हणतात आणि दोघांचं काम तसं सारखंच आहे: प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणं.

इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये असा पहिला व्हॉल्व्ह बनवला. काचेच्या नळीतली हवा काढून टाकायची, आत एक तार तापवायची. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धातूच्या पट्टीकडे धावतात. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी बसवली. त्या जाळीने इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कमी-जास्त करता येऊ लागला. रेडिओचं सगळं जग यावर उभं राहिलं.

पण या नळ्यांना एक मर्यादा होती. इलेक्ट्रॉनला नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला थोडा तरी वेळ लागतोच. लहरी सेकंदाला अब्जावधी वेळा वरखाली व्हायला हव्या असतील, तर एक इलेक्ट्रॉन पोहोचेपर्यंत लहर कितीदा तरी उलटून गेलेली असते. त्यामुळे काही सेंटीमीटर लांबीच्या, म्हणजे आज आपण ज्यांना मायक्रोवेव्ह म्हणतो त्या लहरी, या नळ्यांतून जोरकसपणे निघेनात.

वैमानिक भावाची काळजी

कॅलिफोर्नियात रसेल आणि सिगर्ड व्हेरियन असे दोन भाऊ होते. सिगर्ड पॅन अमेरिकन कंपनीत वैमानिक होता आणि लॅटिन अमेरिकेत विमानं चालवायचा. अंधारात किंवा ढगांतून बॉम्ब टाकणारं विमान आलं, तर खालच्या माणसांना ते कळणार कसं, ही चिंता त्याला सतावत होती. रसेल भौतिकशास्त्र शिकलेला. स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेलबरोबर एकेकाळी एका खोलीत राहिलेला विल्यम हॅन्सन तिथेच प्राध्यापक होता. विद्यापीठाने दोघा भावांना प्रयोगशाळेत जागा दिली आणि सामानासाठी १०० डॉलर दिले. पगार नाही.

१९३७ च्या उन्हाळ्यात त्यांची 'क्लायस्ट्रॉन' ही नळी चालली. त्यामागची कल्पना घाटरस्त्यावर रोज दिसते. काही गाड्या हळू जातात, काही जोरात. थोड्या अंतरावर मागच्या वेगवान गाड्या पुढच्या संथ गाड्यांना गाठतात आणि गाड्यांचे घोळके तयार होतात. क्लायस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉनांचा वेग असाच आलटून-पालटून वाढवतात आणि कमी करतात. पुढे त्यांचे घोळके होतात. हे घोळके ठरावीक अंतराने एका धातूच्या पोकळीजवळून गेले की त्या पोकळीत मायक्रोवेव्ह लहरी उठतात. इलेक्ट्रॉनच्या प्रवासाला लागणारा वेळ आधी अडचण होता. व्हेरियन बंधूंनी त्याचाच उपयोग करून घेतला.

त्यातली धातूची पोकळी ही हॅन्सनची कल्पना. पुढे त्याने इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्रही बांधलं. हॅन्सन १९४९ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्याआधीच, फुफ्फुसाच्या आजाराने गेला. संशोधनात वापरलेल्या बेरिलियम धातूची धूळ श्वासातून आत जाऊन फुफ्फुसं निकामी झाली होती. या कथेत डॉक्टरांना चटका लावणारी ही जागा आहे. त्याच्या कामातून किती जीव वाचणार होते, हे त्याला पाहता आलं नाही.

बर्मिंगहॅम, फेब्रुवारी १९४०

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनच्या किनाऱ्यावर रडार होतं. पण त्याच्या लहरी दहा मीटरहून लांब, आणि त्यासाठी शंभर मीटरहून उंच मनोरे. विमानात बसेल एवढं छोटं रडार हवं असेल, तर लहरीही छोटी हवी, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या आसपास. आणि तिच्यात जोर हवा.

'मॅग्नेट्रॉन' हे नाव तोपर्यंत जुनं झालं होतं. अमेरिकेत अल्बर्ट हल यांनी १९२० च्या दशकात लोहचुंबकाने इलेक्ट्रॉन वळवणारी नळी बनवून तिला हे नाव दिलं होतं. जपानमध्ये, जर्मनीत, सोव्हिएत रशियातही त्यावर काम झालं होतं. पण पुरेशी ताकद कुणाच्या हाती लागली नव्हती.

बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी तांब्याचा एक ठोकळा घेतला. मध्यभागी एक भोक पाडलं आणि त्याच्याभोवती गोलाकार सहा भोकं. रिव्हॉल्व्हरचा गोळ्या भरायचा भाग असतो ना, तसं काहीसं. मधल्या भोकात तापणारी तार, बाहेर जोरदार लोहचुंबक. तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन सरळ जाऊ पाहतात, चुंबक त्यांना वळवतो, आणि ते त्या सहा पोकळ्यांच्या तोंडावरून घिरट्या घालत जातात.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून पाहा. बाटली घुमते. फुंकरीत सूर नव्हता, सूर बाटलीच्या पोकळीने दिला. मॅग्नेट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन म्हणजे फुंकर आणि तांब्यातली भोकं म्हणजे बाटल्या. फक्त आवाजाऐवजी मायक्रोवेव्ह लहर निघते.

२१ फेब्रुवारी १९४० रोजी ही नळी पहिल्यांदा चालली. सांधे लाखेने बंद केलेले, हवा सतत पंपाने ओढून काढावी लागत होती. लहरींची ताकद किती हे पाहायला त्यांनी मोटारीच्या हेडलाइटचे बल्ब लावले, तर बल्ब जळून गेले. मोजल्यावर कळलं: सुमारे ४०० वॅट, लहरीची लांबी ९.८ सेंटीमीटर. हा ९.८ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टॅक्सीच्या टपावरची पेटी

लंडनजवळच्या एका कारखान्यात एरिक मेगॉ यांनी या नळीला पक्कं, वापरता येईल असं रूप दिलं. पण ब्रिटनवर बॉम्ब पडत होते आणि हजारोंनी नळ्या बनवायची सोय तिथे नव्हती. तेव्हा सरकारने ठरवलं की हे गुपित अमेरिकेला देऊन टाकायचं.

ऑगस्ट १९४० च्या अखेरीस एडवर्ड बोवेन या तरुण शास्त्रज्ञाकडे एक काळी पत्र्याची पेटी सोपवली गेली. आत इतर गुप्त कागदांबरोबर एक मॅग्नेट्रॉन होता. पेटी लंडनच्या हॉटेलच्या तिजोरीत मावेना, म्हणून बोवेनने ती रात्री पलंगाखाली ठेवली. सकाळी टॅक्सीवाला ती आत घ्यायला तयार होईना. शेवटी ती टपावर बांधून स्टेशन गाठावं लागलं. तिथे हमालाने पेटी खांद्यावर घेतली आणि तो गर्दीतून इतक्या झपाझप निघाला की बोवेनची त्याच्यामागे धावताना दमछाक झाली.

अमेरिकेत पोहोचल्यावर आणखी एक पेच आला. बेल कंपनीच्या लोकांनी त्या नळीचा चक्क एक्स-रे काढला. नकाशात सहा भोकं, एक्स-रेत आठ! इंग्लंडला विचारणा झाली, तेव्हा मेगॉ यांना आठवलं की त्यांनी बारा नळ्या बनवल्या होत्या: पहिल्या दहा सहा भोकांच्या, अकरावी सात आणि बारावी आठ भोकांची. बोवेनच्या पेटीत बारावी गेली होती. आम्हा डॉक्टरांना हे चांगलंच ओळखीचं आहे: रिपोर्ट एका पेशंटचा आणि फिल्म दुसऱ्याची!

त्यानंतर युद्धभर अमेरिकेत या नळ्या मोठ्या संख्येने तयार झाल्या.

खिशातलं चॉकलेट

या नळ्या बनवणाऱ्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे तंत्रज्ञ होते. लहानपणी वडील गेलेले, शाळा अर्धवट सुटलेली, सगळं ज्ञान स्वतः मिळवलेलं. १९४५ च्या सुमारास चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, अशी गोष्ट सांगतात. मग त्यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले, लाह्या फुटल्या. अंडं ठेवलं, तेही फुटलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि ३०० किलोहून जड होता. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन १९६७ मध्ये बाजारात आला.

आपल्या ओव्हनमधली लहर सेकंदाला २४५ कोटी वेळा वरखाली होते. अन्नातल्या पाण्याचे रेणू तिच्याबरोबर हलू पाहतात, एकमेकांवर आपटतात आणि अन्न तापतं. एवढंच. या लहरीत पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते. ओव्हन बंद केला की लहरी त्याच क्षणी संपतात, अन्नात काही 'उरत' नाही. जपायचं ते भाजण्यापासून: अन्न एकसारखं तापत नाही, म्हणून बाळाची दुधाची बाटली त्यात तापवू नका. दरवाजा वाकडा झाला असेल तर तो ओव्हन वापरू नका. आणि ओव्हन घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

स्वयंपाकघरातून हॉस्पिटलमध्ये नव्हे, दोन्हीकडे रडारमधून

आता ताईंच्या मशीनकडे येऊ. त्याचं नाव लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र.

समुद्राची लाट होडीला पुढे ढकलते, तशी मायक्रोवेव्हची लाट तांब्याच्या नळीत इलेक्ट्रॉनांना ढकलत नेते. मीटरभर किंवा त्याहून कमी अंतरात ते प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात आणि टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. त्या टकरीतून जोरदार एक्स-रे निघतात. पेशंटच्या अंगावर पडतात ते हे एक्स-रे. मायक्रोवेव्ह पेशंटपर्यंत पोहोचतच नाहीत. बैलगाडीतून धान्य बाजारात येतं, पण आपण धान्य विकत घेतो, बैल नाही.

युद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या रडारच्या शास्त्रज्ञांनी मॅग्नेट्रॉन वापरून असं यंत्र बनवलं, आणि १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये ८० लाख व्होल्टच्या लिनॅकवर पेशंटचे उपचार सुरू झाले. त्याला शक्ती देणारी नळी मॅग्नेट्रॉनच होती. स्टॅनफर्डमध्ये हेन्री कॅप्लन हे डॉक्टर क्लायस्ट्रॉनवाल्यांकडे गेले. कॅप्लन सोळा वर्षांचे असताना त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले होते. एडवर्ड गिंझ्टन या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी लिनॅक उभारलं. जानेवारी १९५६ मध्ये त्यावर एका लहान मुलाला उपचार दिले. त्याला डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर होता. एक डोळा आधीच काढावा लागला होता आणि दुसऱ्यातही गाठ होती. किरणांचा बारीक झोत नेमका गाठीवर टाकला. तो डोळा वाचला आणि मुलगा मोठा झाला. पुढे कॅप्लन यांनी हॉजकिन्स या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवर असेच उपचार बसवले. एकेकाळी बहुतेकांचा जीव घेणारा तो आजार आज बहुतेकांचा बरा होतो.

लिनॅकच्या आधी एक्स-रे नव्हते का? होते, पण दोन-अडीच लाख व्होल्टचे. त्यांचा सर्वांत जास्त मारा कातडीवरच व्हायचा. आतल्या गाठीला पुरेसा डोस मिळण्याआधी कातडी भाजायची. आपल्या आजी-आजोबांच्या काळातली 'लाईटने माणूस जळतो' ही भीती तिथून आली आहे, आणि ती तेव्हा खोटी नव्हती. ६० लाख व्होल्टच्या किरणांचा पूर्ण जोर मात्र कातडीच्या सुमारे दीड सेंटीमीटर खाली लागतो. म्हणून आज कातडी काळवंडते, खाजते, क्वचित सोलवटते, पण पूर्वीसारखी होरपळत नाही.

आता तो ९.८ आकडा. बहुतेक लिनॅकमधली लहर आजही दहा सेंटीमीटरच्या आसपास असते. रँडल आणि बूट यांच्या ठोकळ्यातून निघाली, तेवढीच. फरक ताकदीत आहे. घरचा ओव्हन हजारेक वॅटचा असतो. लिनॅकची नळी सेकंदाच्या काही दशलक्षांशाएवढ्या झटक्यांत वीस-तीस लाख वॅट देते.

आपल्याकडे

हे सगळं परदेशातच घडलं असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मायक्रोवेव्ह विभागातून १९८४ मध्ये 'समीर' ही सरकारी संस्था उभी राहिली. पवईला आयआयटीच्या आवारात तिचं काम चालतं. या संस्थेने भारतीय बनावटीची लिनॅक विकसित केली. त्यांतली एक विदर्भात, सेवाग्रामच्या महात्मा गांधींच्या नावाच्या मेडिकल कॉलेजमध्ये बसवली गेली. मायक्रोवेव्ह नळ्यांवरचं भारतीय संशोधन राजस्थानात पिलानीच्या सरकारी प्रयोगशाळेत होतं.

ताईंच्या प्रश्नांची उत्तरं

ओव्हनमध्ये ठेवणार का? नाही. नळी एकाच घराण्यातली, काम वेगळं. तुम्हाला गरमही लागणार नाही.

मग हे किरण निरुपद्रवी का? तेही नाही. मायक्रोवेव्हला जे जमत नाही, म्हणजे डीएनए तोडणं, ते हे एक्स-रे करतात, आणि म्हणूनच कॅन्सरची पेशी मरते. शेजारच्या चांगल्या पेशींनाही थोडा मार बसतो. त्यासाठीच आधी सीटी स्कॅन, खुणा, आकडेमोड, आणि रोज थोडा थोडा डोस. फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो तेव्हाच हा उपचार सुचवतात.

नातवाला घ्यायचं का? खुशाल घ्या. कोबाल्टचं मशीन किरणोत्सर्गी धातूवर चालतं, तो धातू झाकून ठेवावा लागतो. लिनॅकमध्ये असा धातू नसतो. बटण बंद, किरण बंद. आणि मशीन दोहोंपैकी कुठलंही असो, बाहेरून दिलेले किरण अंगात साठून राहत नाहीत. (थायरॉईडसाठी पोटातून दिलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनचे नियम मात्र वेगळे, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

ताईंनी तिसऱ्या तारखेला उपचार सुरू केले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "डॉक्टर, दोन दिवस सुट्टी आहे. मशीनची ती नळी गेली म्हणे, इंजिनियर नवीन घेऊन आलाय." आवाजात भीती नव्हती, जरा ऐटच होती. मॅग्नेट्रॉन ही झिजणारी वस्तू आहे, ती बदलावी लागतेच.

पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रेडिएशनमध्ये लांबलेली सुट्टी चांगली नाही, कारण मधल्या दिवसांत उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वाढू लागतात. तोंड, घसा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर याला फारच महत्त्व आहे. मशीन बंद पडलं तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून गावी निघून जाऊ नका. बुडालेले दिवस कसे भरून काढणार, शनिवारी बोलावणार की दुसऱ्या मशीनवर घेणार, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते विचारणं हा तुमचा हक्क आहे. आणि भीतीपोटी स्वतःहून तारीख पुढे ढकलू नका. ताईंचे त्यात तीन आठवडे गेले होते.

त्यांचे पंधराही दिवस पूर्ण झाले. परवा तपासणीला आल्या तेव्हा नातू मांडीवर होता आणि माझ्या स्टेथोस्कोपची नळी त्याच्या तोंडात.